फटफटीचा दिवा आणि मागची सीट

सोयगावहून संभाजीनगरला जाऊन आल्याचं कुणी प्रवासवर्णन लिहितं का? आमच्याकडची माणसं बाजाराला, दवाखान्याला, कोर्टाला सारखी जातात आणि संध्याकाळी घरी येऊन जेवतात. पण ती नवराबायको असली तर एका गाडीनं जातात. आम्ही एकाच दिवशी, एकाच रस्त्यानं, एकाच कामाला गेलो, आणि मी फटफटीवर अन् नवरा एसटीत! तेही एका दिव्यापायी. म्हणून लिहायला बसले.

फटफटी माझ्या वडिलांची. ते गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. त्यांनीच मला शाळेच्या मैदानात ती शिकवली. पुढं मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका झाले आणि तीस वर्षं तिच्यावरच गावं पालथी घातली. सुरुवातीला लोक हसले. मग त्यांच्याच सुनांना अडल्या वेळी मी दवाखान्यात नेलं, तेव्हा हसायचे थांबले. माझा नवरा प्राथमिक शाळेत शिक्षक होता. सायकलपलीकडं त्यानं काही चालवलं नाही. अख्खा तालुका त्याला मास्तर म्हणतो, आणि चिडवायला म्हणून मीही मास्तरच म्हणते. तीस वर्षं मास्तर माझ्या मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन, तीर्थाला निघाल्यासारखे बसत आले.

फटफटीचं सगळं ठणठणीत, फक्त दिवा रडका. जुनी सहा व्होल्टची गाडी, त्याला ती तरी काय करणार! वेग वाढवला की दिवा डोळे उघडायचा, वेग कमी केला की पेंगायचा. म्हणजे वळणावर, जिथं खरी गरज, तिथंच झोपायचा. देवघरातली समई बरी.

अंधार पडायला लागला की मास्तर मागनं एकच विचारायचे, "दिसतंय का गं?" आणि मी म्हणायची, "दिसतंय." तीस वर्षं हाच प्रश्न आणि हेच उत्तर. गेल्या हिवाळ्यात फर्दापूरहून घरी येताना त्यांनी असंच विचारलं. मला रस्त्यावरचं काही म्हणता काही दिसत नव्हतं. तरी सवयीनं तोंडातनं गेलं, "दिसतंय." पुढच्या क्षणाला रस्त्याच्या कडेला बिनदिव्याची उभी असलेली कापसाच्या पऱ्हाट्यांची ट्रॉली, आणि आम्ही तिच्यात. माझा गुडघा सोलला. मास्तरांचं खांद्याचं हाड मोडलं.

ते एका शब्दानं बोलले नाहीत. भांडले असते तर मी चार शब्द उलटे तरी सुनावले असते, मला ते जमतं. पण हाड जुळल्यावर कुठं निघालो की म्हणायचे, "तू हो पुढं, मी एसटीनं येतो. कंबर धरते." कंबर! मोडला होता खांदा. मागची सीट रिकामी घेऊन फिरताना मला कसंतरीच व्हायचं. पुण्याच्या लेकानं ऑनलाइन एक पांढराशुभ्र एलईडी दिवा मागवून पाठवला आणि फोनवर म्हणाला, "आई, हा लाव, नाहीतर ती विकून टाक." मी मनाशी ठरवलं होतं, दिवा धड होऊनही मास्तर मागं बसले नाहीत, तर खरंच विकायची. एकटीनं मिरवायला मला ती नको होती.

सोयगावात त्या गाडीला हात लावायला कुणी तयार होईना. एकानं सांगितलं, "संभाजीनगरला छावणीत रशीदचाचा हायेत. जुन्या गाड्यांचा दिवा करावा तर त्यांनीच. लई भारी माणूस." झालं, निघालो.

सोयगाव ते मिल कॉर्नर

सकाळी मास्तरांना स्टँडवर सोडावं म्हटलं, तर ते तिथवरही चालतच गेले. मी त्यांचं हेल्मेट मागच्या सीटला दोरीनं बांधलं आणि लेकानं पाठवलेलं दिव्याचं खोकं त्याच्यावर. हेल्मेट कशाला घेतलं ते विचारू नका. बाईमाणूस आशा सोडत नाही.

घाटात पळस फुलला होता. पानं नाहीत, नुसती केशरी फुलं, आणि त्यात वानरं बसलेली. अजिंठ्याला वर चढून आले आणि टपरीवर गरम भजी घेतली. आमच्याकडं भज्यांबरोबर तळलेली मिरची देतात, इथं वर कांदाही कापून देतात, तोही न मागता. दुसरी प्लेट सांगितली तेवढ्यात मास्तरांची एसटी पुढं गेली. खिडकीतनं त्यांनी माझ्या हातातल्या भज्यांकडं असं पाहिलं की मला घास गिळवेना. दोन भजी कागदात बांधून घेतली.

सिल्लोडला एसटी स्टँडात शिरली आणि मी पुढं निघाले. फुलंब्रीच्या अलीकडं तिनं मला परत गाठलं. बघते तर मास्तर खिडकीतनं अर्धे बाहेर, आणि हातवारे करून माझ्या मागच्या चाकाकडं दाखवतायत. मला वाटलं पंक्चर! थांबले, चाक दाबलं, वाकून वाकून पाहिलं. चाक ठीक होतं. दिव्याचं खोकं तेवढं दोरीतनं निसटून चाकापाशी लोंबत होतं. आणखी दोन किलोमीटर गेले असते तर चाकात गेलं असतं आणि मीही गेले असते. एसटीत बसून माणूस झोपतो, मोबाइल बघतो. आमचे मास्तर माझं चाक बघत होते.

हर्सूल, दिल्ली दरवाजा करत मी मिल कॉर्नरला आले, तर मास्तर स्टँडाबाहेर उभेच.

"किती वेळ लावतीस?" ते म्हणाले.

"तुमचीच भजी आणत होते," म्हणून मी कागद पुढं केला. थंड भजी त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली, हात पुसले, आणि छावणीपर्यंत जायला रिक्षा केली! पुढं मी, मागं रिक्षा. सिग्नलला रिक्षावाल्यानं मला विचारलं, "मॅडम, साहब को पहचानते क्या?" मी म्हटलं, "ओळख आहे थोडी."

छावणी

रशीदचाचांचं दुकान म्हणजे पत्र्याची लांबच लांब खोली. तोंड रस्त्यावर आणि शेवटाला चुन्यानं रंगवलेली भिंत. चाचा सत्तरी पार केलेले, पांढरी दाढी, आणि नाकावर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा, तोही दोऱ्यानं डोक्याला बांधलेला. मी मास्तरांच्या कानाशी म्हटलं, "ह्यांना स्वतःला दिसतंय का पण?"

"दिसते ताई, दिसते," चाचा दुरुस्तीला आलेल्या एका गाडीमागनंच म्हणाले. "कान भी चालू है."

त्यांच्या वडिलांनी छावणीत पलटणीच्या फटफट्या दुरुस्त केल्या, त्यांनी वडिलांच्या हाताखाली. माझ्या गाडीभोवती ते तीनदा फिरले, टाकीवर हात ठेवला आणि म्हणाले, "किसी ने बहुत प्यार से रखी." माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं. वडिलांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि त्यांचं कौतुक असं रस्त्यात, अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकायला मिळालं.

मी लेकाचं खोकं काढलं. चाचांनी दिवा हातात घेतला, उलटसुलट पाहिला, नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "लगाके दिखाता." स्वतःच्या बॅटरीला तारा जोडून त्यांनी तो माझ्या जुन्या दिव्याच्या वाटीत बसवला. मग मास्तरांना समोर दहा पावलांवर स्टुलावर बसवलं आणि बटण दाबलं. मास्तरांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि स्टुलासकट मागं सरकले.

"आता सांगा, समोर किती माणसं उभी आहेत?" चाचांनी विचारलं.

"माणसं? मला दुकान दिसंना!" मास्तर म्हणाले.

"बस्स. समोरनं येणाऱ्याचं असं होते." चाचांनी दिवा बंद केला. "बत्ती वाईट नाही ताई. नवीन गाडीत लावा, एकदम झकास. पण ही वाटी जुन्या बल्बसाठी बनवलेली. तिच्यात ही बत्ती घातली की उजेड चौफेर उधळते. रस्त्यावर थोडा, लोकांच्या डोळ्यात जास्त. बेटे को बोलो, नक्को."

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. आतली वेटोळी नव्यानं गुंडाळून गाडी बारा व्होल्टची करायची, म्हणजे वळणावर दिवा पेंगणार नाही. साधा हॅलोजन बल्ब घालायचा. वाटी आणि काच नवी, पण बाहेरचं चमकतं कडं वडिलांच्या वेळचंच ठेवायचं. काचेचंही त्यांनी एक सांगितलं. काही काचा परदेशातनं येतात, तिकडं लोक उजवीकडनं गाडी चालवतात. त्या काचेचा उजेड उजवीकडं झुकतो. आपल्याकडं लावली तर सरळ समोरच्याच्या तोंडावर. "लोग सस्ती बघके घेतात," चाचा म्हणाले, "मग म्हणतात, दुनिया मला शिव्या का देते?"

मी विचारलं, "उद्यापर्यंत होईल का?"

"दुपार तक. इन्शाअल्ला."

रात्री पडेगावला नणंदेकडं राहिलो. ती जेवताना म्हणाली, "वयनी, एवढ्या खटाटोपापेक्षा दादाला सोबत घेऊन एसटीनंच फिरायचं की गं." मी म्हटलं, "तुमच्या दादाला सोबत घ्यायलाच तर हा खटाटोप." मास्तरांनी आणखी भाकरी मागितली.

भरदुपारची रात्र

दुसऱ्या दिवशी गेलो तर काम होत आलेलं, आणि चाचांच्या घरनं डबा आलेला. "पहले खाना," ते म्हणाले. मास्तर माळकरी, त्यामुळं मी आधीच डब्याकडं संशयानं पाहिलं. निघाली खिचडी आणि खट्टा. खट्टा म्हणजे चिंचेचं पाणी, त्यात तीळ, कच्चा कांदा, मिरची. आमच्या सोयगावाकडं खिचडीवर शेंगदाण्याचं कच्चं तेल घेतात आणि पापड मोडतात. खिचडीवर असलं आंबटढाण ओतायचं म्हटल्यावर मला धाकधूक वाटली. पण पहिला घास गेला आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मास्तर तर बोटं चाटत होते. आता आमच्या घरी आठवड्यातनं एकदा खट्टा होतो, पण चाचांच्या घरच्यासारखा नाही जमत. त्यांनी तीळ भाजलेले की कच्चे, हे विचारायचंच राहिलं.

जेवण झाल्यावर चाचांनी शटर खाली ओढलं आणि भरदुपारी दुकानात रात्र केली. मास्तर दाराजवळच्या बाकावर बसून राहिले. गाडी भिंतीपासून दूर, स्टँडवरून काढून चाकांवर उभी केली. चाचा म्हणाले, "बैठो ताई. बत्ती लावायची तर चालवणारा वर पाहिजे."

मी बसले, गाडी चालू केली. दिवा लावला, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. स्थिर, उबदार, पिवळसर उजेड. गाडी नुसती धुगधुगतेय तरी दिवा हलेना की मंद होईना. त्या उजेडात ती शेवटची भिंत मला पहिल्यांदा नीट दिसली. तिच्यावर गेरूनं काढलेल्या आडव्या रेघाच रेघा, आणि प्रत्येक रेघेजवळ उर्दूत काहीतरी लिहिलेलं.

"हे काय चाचा?"

"हर गाडी की एक रेघ. मागं वजन बसलं की गाडीचं बूड खाली जाते, तोंड वर. मग उजेड पण वर. म्हणून मी विचारून घेतो, पीछे कौन बैठते. हे बघा," ते बोट फिरवत वाचायला लागले. "बेगम. बेगम और दो बच्चे. हा दूधवाला, चार कॅन. हा चितेगावचा फिटर, मागं त्याचा भाऊ." मग माझ्याकडं वळून विचारलं, "आपके पीछे कौन बैठते?"

साधा प्रश्न. मास्तर दहा पावलांवर बसलेले.

"कोणी नाय," मी म्हटलं.

"हौ." चाचांनी पेचकस फिरवून दिवा लावला, उजेडाची कड भिंतीवर नेमकी आणली, गेरूनं रेघ ओढली आणि शेजारी काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंत?"

"अकेली."

मला काहीतरी बोलणं भाग होतं म्हणून मी उगाच म्हटलं, "आता बरं दिसतंय चाचा. त्या दिवशी पडलो ना, तेव्हा उजेड नुसता लिंबाच्या झाडांवर होता. पानं न् पानं दिसत होती, रस्ता नाही."

चाचांचा हात थांबला. "झाडावर? त्या दिवशी मागं कोण होतं?"

"मी होतो," बाकावरनं मास्तर म्हणाले.

"वजन?"

"शहाऐंशी."

"इधर आओ साहब."

मास्तर उठले. चपला काढाव्यात की नाही असं क्षणभर घुटमळले, देवळात शिरल्यासारखे. मग माझ्या खांद्याला हात न लावता, सीट धरून मागं बसले. गाडी दबली. भिंतीवरचा उजेड रेघ सोडून सरसर वर चढला आणि छताच्या पत्र्यावर गेला.

"हे बघा," चाचा म्हणाले. "हे तुमचं लिंबाचं झाड. तुमची गाडी पहिल्यापासनं एकट्या माणसासाठी लावलेली. अब्बा एकटे फिरत असतील. चूक ना ताई की, ना साहब की. कोई पूछा ही नहीं, पीछे कौन बैठते."

खरंच. वडील एकटेच फिरायचे, गुरं बघत. आणि तीस वर्षं आम्ही दोघं त्यांच्या एकट्याच्या दिव्यावर फिरत होतो. मागनं मास्तरांचा हात भिंतीकडं गेला.

"चाचा," ते म्हणाले, "ते पुसा."

"क्या?"

"ते अकेली लिहिलंय ते. आणि दिवा दोघांचा लावा."

चाचांनी ओल्या फडक्यानं रेघ पुसली. पेचकस फिरला, उजेड पत्र्यावरनं उतरत उतरत भिंतीवर आला आणि पाहिजे तिथं थांबला. "दोघांचा लावला तर एकटं असताना जरा कमी लांबवर दिसेल," ते म्हणाले. "पण दिसेल. एकट्याचा दोघांना चालत नाही, ते तुम्ही बघितलं." मग नवी रेघ ओढली, गेरू हातात धरून थांबले, आणि खो खो हसायला लागले. "साहब, उमर गुजर गई इस दीवार पर बेगम लिख लिख के. आज पहली बार लिखतो, शौहर!"

मास्तर लाजले. शहाऐंशी किलोचा रिटायर मास्तर, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी तर हँडलवर डोकं टेकून हसले. शटर वर गेलं तेव्हा मी डोळे पुसत होते, कशानं ते माझं मला ठाऊक.

निघताना मास्तरांनी रिक्षा शोधली नाही. मागच्या सीटची दोरी सोडली, हेल्मेट काढलं, डोक्यात घातलं, आणि मागं बसून आपली पिशवी मांडीवर घेतली. मी गुपचूप किक मारली. बोलले असते तर मोडता पडला असता.

फर्दापूरच्या पुढं

सिल्लोडला चहा, अजिंठ्याला पुन्हा भजी, या वेळी दोघांनी गरम. घाट उतरताना सूर्य खाली गेला होता. फर्दापूर सोडलं आणि मी दिवा लावला. रस्ता पुढं स्वच्छ पडलेला, कडेचं गवत, खड्डे, दगड सगळं दिसत होतं. लिंबाची झाडं आली. त्यांच्या बुंध्यांपर्यंत उजेड, वर फांद्या अंधारात. माझे हात तरी घट्ट झाले होते.

आणि नेमकी समोरनं एक गाडी आली, लेकाच्या त्या दिव्यासारखे चार पांढरे दिवे लावून. मी डिपर दिला. परत दिला. तो कशाला ऐकतोय! सगळं पांढरं झालं.

"दिसतंय का गं?" मागनं आलं.

तीस वर्षांची सवय. शब्द ओठांपर्यंत आलाही होता.

"नाही," मी म्हटलं. "काहीच दिसत नाही." आणि गाडी कडेला घेतली, पाय टेकवला, थांबले. ती गाडी घोंगावत निघून गेली. हळूहळू आपला रस्ता परत दिसायला लागला. फटफटी धुगधुगत उभी.

मास्तर म्हणाले, "त्या दिवशी पण दिसत नव्हतं ना?"

"नव्हतं," मी म्हटलं. "तरी म्हटलं दिसतंय. चुकले मी."

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "तुझा आवाज ओळखतो मी गं. मला काय अंधाराची भीती होती व्हय? तू मला सांगितलं नाहीस, ते लागलं."

दिव्यासाठी छावणीपर्यंत गेले होते मी. आणि ते एवढ्याशा एका शब्दासाठी एसटीनं फिरत होते.

मग त्यांनी दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले, त्यातला एक मोडून जुळलेल्या खांद्याचा, आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "चल आता. उशीर होतोय."

मी गिअर टाकला. थोडं पुढं गेल्यावर, सोयगावच्या अलीकडं, त्यांनी परत विचारलं, "दिसतंय का गं?"

मी नीट बघून घेतलं आणि मगच म्हणाले, "दिसतंय."